पानांत विभागलेला लांब लेख आणि त्यातल्या लिंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक सूचना आधीच. कोडमधले शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, प्रत्यक्षात ते रोमनमध्ये टाइप करायचे. उदाहरणासाठी सगळीकडे एकच लेख धरला आहे: ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा, तीन पानांचा. पहिल्या पानावर आळंदी ते सासवड, दुसऱ्यावर जेजुरी ते फलटण, तिसऱ्यावर बरड ते पंढरपूर. पत्ता समजा /माउलींची-वाट/. वेबसाइट चालवण्याचं साधन वर्डप्रेस, कारण बहुतेक प्रश्न तिथलेच येतात.

लेखात "वर सांगितल्याप्रमाणे" असं बऱ्याच ठिकाणी आहे. आता तो तीन पानांत तोडला. काय बदलावं लागेल?

प्रत्येक "वर" आणि प्रत्येक "खाली" तपासावं लागेल. वाखरीच्या भागात सोपानकाकांच्या पालखीचा उल्लेख येतो, आणि ती सासवडहून निघते हे तुम्ही पहिल्या पानावर सांगून झालेलं असतं. सगळा लेख सलग होता तेव्हा वाचक अंगठ्याने वर सरकवून ते शोधायचा. आता तिसऱ्या पानावर "वर" काहीच नाही. तिथे जागेचं नाव घ्या, "सासवडच्या मुक्कामात सांगितल्याप्रमाणे", आणि त्या शब्दांवर लिंक द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तिसऱ्या पानावर आलेल्या वाचकाने पहिलं पान वाचलेलं असेलच असं नाही. तो गूगलवरून आलेला असतो, नाहीतर कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पत्त्यावरून. म्हणून "सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी" एवढं तिथल्या तिथे सांगा आणि मग लिंक द्या. लिंक दाबली नाही तरी वाक्य कळलं पाहिजे.

अँकर म्हणजे नेमकं काय आणि तो कुठे द्यायचा?

ज्या शीर्षकावर वाचकाला न्यायचं त्याला दिलेलं नाव म्हणजे अँकर. कोडमध्ये ते आयडी या गुणधर्मात बसतं. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये शीर्षकाच्या ब्लॉकवर क्लिक करा, उजवीकडच्या पट्टीत सगळ्यात खाली "प्रगत" हा भाग उघडा, तिथे एचटीएमएल अँकरची चौकट आहे. जेजुरीच्या शीर्षकाला तिथे जेजुरी असं नाव दिलं की पत्त्याच्या शेवटी #जेजुरी लावून थेट तिथे पोचता येतं. चौकटीत नाव लिहिताना # लावायचा नाही, तो फक्त लिंकमध्ये येतो. अँकर चालत नाही अशी तक्रार आली की पहिल्यांदा हेच बघावं.

नावात रिकामी जागा चालत नाही. लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी धरली जातात.

त्याच पानावर #जेजुरी चालतं. तिसऱ्या पानावरून दाबलं तर काहीच होत नाही. का?

नुसतं #जेजुरी म्हणजे "आत्ता उघडं असलेल्या पानावरची जेजुरी". तिसऱ्या पानावर त्या नावाचं काहीच नाही, त्यामुळे ब्राउझर जागचा हलत नाही. चूक झाली असा संदेशही देत नाही. पानाबाहेर जायचं असेल तर पान क्रमांकासकट पत्ता हवा: /माउलींची-वाट/2/#जेजुरी.

पहिल्या पानाला क्रमांक नसतो. तिथला दिवेघाट /माउलींची-वाट/#दिवेघाट असाच लिहायचा. दुसऱ्या पानापासून आकडा लागतो. पर्मालिंकची, म्हणजे लेखांच्या कायम पत्त्यांची, मांडणी "साधी" ठेवली असेल, म्हणजे पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि लेखाचा क्रमांक दिसत असेल, तर /2/ ऐवजी पेज=2 असा तुकडा जोडला जातो. साधी मांडणी आजच बदला. मात्र बदलल्यावर जुन्या लिंका एकेक उघडून बघा.

लेख पानांत तोडण्याची खूण कोणती?

ब्लॉक एडिटरमध्ये "पेज ब्रेक" नावाचा ब्लॉक आहे. तो कोडमध्ये <!--नेक्स्टपेज--> अशी टिप्पणी टाकतो. जुन्या एडिटरमध्ये हीच टिप्पणी हाताने लिहायची. <!--मोअर--> ही वेगळी खूण आहे. तिने लेख तुटत नाही, फक्त मुख्य यादीत "पुढे वाचा" येतं. पेज ब्रेक टाकूनही खाली 1, 2, 3 दिसत नसतील तर दोष थीमचा. लेखाच्या साच्यात पान क्रमांक छापणारी ओळ थीम बनवणाऱ्याने घातलेली नसते.

लेखात मधेच नवा भाग घातला आणि पानं सरकली. आता जुन्या लिंकांचं काय?

या विषयातलं खरं दुखणं हेच आहे. समजा लोणंद आणि तरडगावच्या मधे चांदोबाच्या लिंबाजवळ होणाऱ्या उभ्या रिंगणावर तुम्ही भरपूर लिहिलंत. दुसरं पान फार लांबलं म्हणून पेज ब्रेक फलटणच्या आधी आणलात. आता फलटण तिसऱ्या पानावर गेलं. पण लोकांनी साठवलेल्या, पाठवलेल्या, आपापल्या लेखांत दिलेल्या लिंका अजून /2/#फलटण म्हणताहेत. दुसरं पान जिवंत आहे, त्यामुळे "पान सापडलं नाही" असं कुठेच येत नाही. वाचक दुसऱ्या पानाच्या माथ्यावर जाऊन पडतो आणि जेजुरी वाचायला लागतो. तुटलेली लिंक निदान कळते तरी. ही कळतच नाही, वर्षानुवर्षं.

मूळ कारण असं की क्रमांक ही पानाची ओळख नाही, ती त्याची आजची जागा आहे. अँकरचं नाव टिकतं, त्याच्या आधीचा आकडा टिकत नाही. म्हणून ज्या लेखात भागांचे एकमेकांत भरपूर संदर्भ आहेत आणि जो पुढे वाढणार आहे, त्याला पेज ब्रेक वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्डप्रेसमध्ये "पोस्ट" सोडून "पेज" हा प्रकार घ्या. त्यात एका पेजखाली दुसरं पेज ठेवता येतं. मग पत्ते असे होतात: /माउलींची-वाट/जेजुरी/, /माउलींची-वाट/फलटण/. मधे कितीही भाग घाला, फलटणचा पत्ता फलटणच राहतो. क्रम दाखवण्यासाठी खाली "मागे: तरडगाव, पुढे: बरड" एवढी ओळ हाताने द्यावी लागते. तेवढी मेहनत करावी.

पण लेख आधीच पेज ब्रेकवर उभा आहे, लिंका बाहेर गेल्या आहेत. रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवणं) लावून भागेल?

नाही, आणि का नाही ते समजून घेतलं तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. पत्त्यात # च्या पुढे जे असतं ते ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. सर्व्हरला फक्त /माउलींची-वाट/2/ दिसतं. वाचकाला जेजुरी हवी होती की फलटण, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे "#फलटण मागितलं तर तिसऱ्या पानावर पाठव" असा नियम सर्व्हरवर लिहिता येत नाही, कुठलंही प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं तयार साधन) घ्या. सर्व्हरच्या नोंदींमध्येही तो भाग येत नाही, तेव्हा कोण कुठल्या अँकरवर येतंय हे तिथे शोधू नका.

उलट बाजूने एक सोय मात्र आहे. संपूर्ण पानाचा पत्ता बदलला आणि जुन्यावरून नव्यावर रिडायरेक्ट लावला, तर # पुढचा भाग ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो आणि नव्या पत्त्याला जोडतो. /पालखी/2/#जेजुरी वरून /माउलींची-वाट/2/ कडे पाठवलं तर वाचक जेजुरीलाच उतरतो, फक्त रिडायरेक्टच्या पत्त्यात तुम्ही स्वतः दुसरा # घातलेला नसावा.

सरकलेल्या अँकरसाठी उपाय ब्राउझरमध्येच करावा लागतो. लेखाच्या प्रत्येक पानावर चार-पाच ओळींची जावास्क्रिप्ट ठेवायची. पान उघडलं की ती # पुढचं नाव बघते. त्या नावाचा घटक पानावर असेल तर गप्प बसते. नसेल तर तुम्ही दिलेल्या यादीत शोधते (फलटण: 3, वाखरी: 3, याप्रमाणे) आणि योग्य पानावर पाठवते. पाठवताना लोकेशन.रिप्लेस वापरा. साधा पत्ता बदललात तर वाचकाने मागे जाण्याचं बटण दाबलं की तो चुकीच्या पानावर येतो, तिथून स्क्रिप्ट त्याला पुन्हा पुढे ढकलते, आणि तो कायमचा अडकतो.

अँकरचं नाव देवनागरीत ठेवावं की रोमनमध्ये?

देवनागरी चालते. जुन्या एचटीएमएल 4 मध्ये आयडीची सुरुवात रोमन अक्षरानेच व्हायला हवी होती. आताच्या नियमात एक तरी चिन्ह असावं आणि रिकामी जागा नसावी, एवढंच. तरीही मी रोमन ठेवायला सांगेन. कारणं तीन, पैकी तिसरं सगळ्यात त्रासदायक.

पहिलं लांबीचं. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक वेळा तो टक्केवारीच्या चिन्हांत बदलून येतो. "जेजुरी" दिसायला तीन अक्षरं, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं (ज, मात्रा, ज, उकार, र, वेलांटी). प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं. म्हणजे एका जेजुरीची 54 अक्षरं. व्हॉट्सॲपवर अशी लिंक आली की लोक ती फसवणुकीची समजून दाबत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. जाता जाता: वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये लेखाच्या पत्त्याला 200 अक्षरांची मर्यादा आहे. ती या बदललेल्या रूपाला लागू होते, म्हणून लांब मराठी शीर्षकाचा पत्ता साधारण 22 चिन्हांनंतर तुटलेला दिसतो. अँकर मजकुरात असतो, त्याला ही मर्यादा नाही.

दुसरं, आपोआप अँकर बनवणाऱ्या साधनांचं. त्यांतली काही शीर्षकातली फक्त "अक्षरं" आणि "अंक" ठेवतात आणि बाकी सगळ्याच्या जागी आडवी रेघ घालतात. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. परिणामी "जेजुरी"चं "ज-ज-र" होतं. लिंक चालते, पण पत्ता वाचून काही बोध होत नाही, आणि "जाजुरा" असं दुसरं शीर्षक असतं तर त्याचंही हेच झालं असतं.

तिसरं, दिसायला सारखं आणि आतून वेगळं. "वारकऱ्यांची" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह मिळून तसाच आकार तयार होतो: "वारकर्‍यांची". डोळ्याला फरक नाही, ब्राउझरला आहे, कारण तो चिन्हागणिक तुलना करतो. शीर्षक ऑफिसच्या संगणकावर टाइप झालं आणि लिंक फोनच्या कीबोर्डवरून, की अँकर सापडत नाही आणि तुम्ही तासभर स्क्रीनकडे बघत बसता. "ॲप" मधल्या ॲ चंही तेच: तो एक चिन्ह म्हणूनही येतो आणि अ, अदृश्य जोड, चंद्र असाही येतो. देवनागरी अँकर ठेवायचेच असतील तर लिंक देताना नाव पुन्हा टाइप करू नका, अँकरच्या चौकटीतून कॉपी करा.

रोमन ठेवलंत तरी स्पेलिंग एकदा ठरवून कुठेतरी लिहून ठेवा. फलटण कोणी पी-एचने लिहितं, कोणी एफने.

दोन पानांवर एकाच नावाचा अँकर असला तर बिघडतं का?

नियमाने नाही. आयडी एका पानापुरता एकमेव असला की पुरे. पण ठेवू नका. प्रत्येक गावाखाली "मुक्काम" असं उपशीर्षक असेल आणि सगळ्यांना मुक्काम हाच अँकर दिला असेल, तर उद्या पेज ब्रेक हलवला की एकाच पानावर दोन मुक्काम येतील आणि ब्राउझर नेहमी पहिल्यावरच नेईल. सुरुवातीपासून जेजुरी-मुक्काम, फलटण-मुक्काम असं लिहा.

अनुक्रमणिका फक्त पहिल्या पानावर द्यावी की सगळ्या?

सगळ्या पानांवर, आणि सगळ्या लेखाची. अनुक्रमणिकेची बरीचशी प्लगइन पेज ब्रेकची दखल नीट घेत नाहीत. काही फक्त उघड्या पानावरची शीर्षकं दाखवतात, काही सगळी दाखवतात पण पत्त्यात पान क्रमांक घालत नाहीत, आणि मग वाखरी दाबली तर काहीच होत नाही. प्लगइन बसवल्यावर पहिल्या पानावरून शेवटच्या शीर्षकावर क्लिक करून बघा. तिथे निकाल लागतो.

मोबाइलवर चाळीस ओळींची अनुक्रमणिका प्रत्येक पानाच्या माथ्यावर आली तर वाचक मजकुरापर्यंत पोचणार नाही. ती घडी घालून ठेवा, आणि चालू पानावरचे भाग ठळक करा.

लिंक बरोबर जागी जाते, पण शीर्षक वरच्या मेन्यूच्या पट्टीखाली दडतं.

पट्टी जागेवर चिकटून राहणारी आहे, आणि ब्राउझर शीर्षक खिडकीच्या अगदी वरच्या कडेला नेतो. सीएसएसमध्ये शीर्षकांना स्क्रोल-मार्जिन-टॉप द्या, पट्टीच्या उंचीपेक्षा थोडं जास्त. पूर्वी लोक शीर्षकाच्या वर अदृश्य रिकामा डबा ठेवायचे, त्याची आता गरज नाही. तपासणी लॉगआउट करून करा. लॉगइन असताना वर्डप्रेसची काळी पट्टी वर येते, संगणकावर 32 पिक्सेलची आणि मोबाइलवर 46ची, आणि तुमचं माप चुकतं.

कधी कधी पान बरोबर जागी थांबतं आणि मग मजकूर खाली घसरतो.

वरची चित्रं उशिरा उतरतात. चित्रांना रुंदी आणि उंची द्या, म्हणजे ब्राउझर जागा आधीच राखून ठेवतो. जाहिरातींच्या चौकटींनाही ठरावीक उंची द्या. चित्रं नीट असूनही घसरण चालू असेल तर जाहिरातच दोषी असते.

तळटिपा कुठे ठेवायच्या?

ज्या पानावर खूण, त्याच पानाच्या तळाशी. दुसऱ्या पानावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तिसरं पान उघडलं, टीप वाचून परत यायला पुन्हा दुसरं पान, असा प्रवास कोणी दुसऱ्यांदा करत नाही. टिपेच्या शेवटी परतीची लिंक द्या. क्रमांक मात्र सगळ्या लेखात सलग ठेवा, नाहीतर छापील प्रत काढणाऱ्याच्या हाती तीन वेगवेगळ्या "1" येतात.

लिंकवर "येथे क्लिक करा" लिहिलं तर काय बिघडतं?

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे वाचक स्क्रीन रीडर वापरतात आणि त्यात पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी ऐकता येते. ती यादी "येथे, येथे, येथे" अशी ऐकू आली तर तिचा उपयोग शून्य. "चांदोबाचा लिंब येथील उभं रिंगण" हे लिंकचं नाव म्हणून पुरतं. लिंक दुसऱ्या पानावर नेत असेल तर "(पान 2)" असं लिहायचा मोह टाळा. आकड्यांचं काय होतं ते वर आलंच आहे.

गूगलला तिन्ही पानं एकाच लेखाची आहेत हे कसं सांगायचं?

रेल=नेक्स्ट आणि रेल=प्रीव्ह या खुणा अनुक्रमासाठी आपण वापरत नाही, असं गूगलने 2019 मध्ये जाहीर केलं. ठेवल्या तर अपाय नाही. पानांमध्ये साध्या, दिसणाऱ्या लिंका असल्या की काम होतं. एक चूक मात्र वारंवार दिसते: कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिन्ही पानांचा कॅनॉनिकल पत्ता (गूगलने मूळ धरावा असा) पहिल्या पानाचा केलेला असतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या पानांवरचा मजकूर शोधात येत नाही. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्याचा स्वतःचाच असावा. वर्डप्रेस स्वतःहून तसंच करतं, बिघडवतात ती एसईओ प्लगइनमधली सेटिंग.

दुसऱ्याच्या लेखातल्या परिच्छेदावर लिंक द्यायची आहे, तिथे अँकर नाही.

क्रोममध्ये वाक्य निवडून उजवं बटण दाबा, निवडलेल्या मजकुराची लिंक कॉपी करण्याचा पर्याय मिळतो. अशी लिंक उघडण्याची सोय क्रोममध्ये 2020 पासून आहे, फायरफॉक्समध्ये ती 2024 मध्ये आली. लिंक उघडली की तेवढं वाक्य रंगवलेलं दिसतं. मूळ लेखकाने वाक्य बदललं की लिंक फक्त पानावर नेते. स्वतःच्या लेखात हा मार्ग वापरू नका, तिथे अँकर देणं तुमच्याच हातात आहे.

मुळात लेख तोडावा का?

लांबी हे एकटं कारण पुरेसं नाही. नुसता मजकूर कितीही लांब असला तरी फोनला जड होत नाही. जड होतात चित्रं, आणि ती गरजेप्रमाणे उतरवण्याची सोय ब्राउझरमध्ये आता आहे. पानं वाढवून जाहिराती वाढवायच्या असतील तर तसं स्वतःशी तरी कबूल करा. भाग सुटे वाचले जाणार असतील, म्हणजे फलटणच्या माणसाला फक्त फलटण हवं असेल, तर तोडणं रास्त आहे. पण मग आकड्यांनी न तोडता नावांनी तोडा.

सगळ्या लिंका तपासायच्या कशा?

लिंक तपासणाऱ्या बऱ्याच साधनांना एवढंच कळतं की पान उघडतं की नाही. # पुढचं नाव त्या पानावर आहे का, ते बघतच नाहीत. म्हणजे /2/#फलटण त्यांच्या लेखी ठणठणीत. डब्ल्यूथ्रीसीचा लिंक चेकर अँकरही तपासतो, तो वापरा. तपासताना तिन्ही पानांचे पत्ते वेगवेगळे द्या, आणि पेज ब्रेक हलवला की त्याच दिवशी पुन्हा चालवा. स्क्रिप्टमधली यादी बदलायची राहिली असेल तर मात्र ते कुठलंही साधन सांगणार नाही. फोनवर खाजगी विंडो उघडून /2/#फलटण हाताने टाइप करा आणि कुठे उतरता ते बघा.